कयाकच्या फ्लोट बॅगचा व्हॉल्व्ह: पुण्यात मिळतो का, की जुगाडच करायचा?

मुठेकाठचा खेकडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

माझ्याकडे एक जुनी प्लास्टिकची व्हाइटवॉटर कयाक आहे, तिसऱ्या की चौथ्या हातातली. पुढे-मागे बंद कप्पे नाहीत. मधोमध फोमची उभी भिंत आहे आणि मागच्या टोकाला त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक फुगवायची पिशवी बसते. ह्याच त्या फ्लोट बॅग. बोट उलटून पाणी आत शिरलं तर पिशवीने अडवलेल्या जागेत ते शिरू शकत नाही, एवढंच त्यांचं काम.

गेल्या रविवारी वरसगावच्या बॅकवॉटरला उलटलो. (लाइफ जॅकेट होतं, सोबत दोघं होते, परवानगीच्या जागीच होतो. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील.) डावी पिशवी मऊ पडते हे मला ठाऊक होतं. सकाळी दाबून पाहिलीही होती, आणि "आजचा दिवस निघेल" म्हणून तशीच घातली. दिवस निघाला नाही. बोटीचं डावं ढुंगण पाण्यात आणि उजवं वर, अशी ती म्हशीसारखी लोळत पडली. काठ हाकेच्या अंतरावर होता, पण तिघांना ती ओढून आणायला अर्धा तास लागला.

आता प्रश्न. पिशवीला साधारण हातभर लांब नळी आहे आणि नळीच्या टोकाला फिरवून बंद करायचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह. तो गेलाय असं वाटतं. नवीन पिशवी परदेशातून मागवायची तर पिशवीपेक्षा तिचा प्रवास महाग. नुसता व्हॉल्व्ह पुण्यात कुठे मिळेल? फोटो चढत नाहीयेत, सांभाळून घ्या.

पेठेतला पुणेकर

पुण्यात पावसाळ्यात बोट रस्त्यावरच चालवता येते, तिथे पिशवी लागत नाही. खड्डाच तारून नेतो.

बाकी बोहरी आळीत विचारा. तिथे मिळत नाही अशी वस्तू अजून निघायची आहे. दुपारी १ ते ४ जाऊ नका एवढंच सांगतो, का ते विचारू नका.

ताम्हिणीपार

खेकडेबुवा, "गेलाय असं वाटतं" म्हणजे काय? पाहिलंय का? व्हॉल्व्ह बदलून, दोन आठवडे वाट बघून मग शिवणीतून हवा जात होती असं कळलेले तीन जण माझ्या ओळखीत आहेत. त्यातला एक मी.

चाचणी सोपी आहे. पिशवी फुगवा. व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे पिशवीच्या बाजूला, नळी दुमडून तिच्यावर कागदाची मोठी काळी क्लिप लावा. व्हॉल्व्हचा पिशवीशी संबंध तुटला. रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी टणक असेल तर चोर व्हॉल्व्ह. मऊ असेल तर चोर पिशवीत किंवा नळीच्या बुडाशी. आणि उजवी, चांगली पिशवी शेजारीच तेवढीच फुगवून ठेवा. का ते उद्या सांगतो, आत्ता ऑफिसात आहे.

नाडीपरीक्षा

माझा विषय नाही, तरी नाक खुपसतो. बीपी मोजायच्या यंत्राच्या फुग्याला जो स्क्रू असतो, हवा सोडायचा, तो फार भरवशाचा असतो. सर्जिकलच्या दुकानात सुटा मिळतो. नळीत बसवा, स्क्रू घट्ट करा, विषय संपला.

मुठेकाठचा खेकडा

डॉक्टर, कल्पना झकास आहे! उद्याच बघतो.

ताम्हिणीपार, चाचणी आज रात्री लावतो. दोन्ही पिशव्या गॅलरीत फुगवून ठेवल्यात. शेजारच्या काकूंनी "पाहुणे येणारेत का, गाद्या फुगवल्यात" असं विचारून झालंय.

रबरमामा

धाग्यावर उशिरा आलो. ३१ वर्षं भोसरीत रबर आणि प्लास्टिकच्या मालात काढली, आता निवृत्त. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, सवय आहे.

डॉक्टरसाहेब, तुमचा स्क्रू हवा अडवेल, शंका नाही. पण त्याचं भोक सुईएवढं. त्यातून २०-२५ लिटरची पिशवी तोंडाने फुगवायला बसलं तर फुगवणाऱ्याचाच बीपी मोजायची वेळ येईल. शिवाय बोटीत घासून घासून तो स्क्रू आपोआप सैल होईल.

खेकडेसाहेब, व्हॉल्व्ह शोधायच्या आधी पिशवी कशाची आहे ते सांगा. दोन जाती असतात. एक व्हायनिल, म्हणजे मऊ पीव्हीसी: पावसाळी गमबुटासारखा वास येतो, थंडीत कडक होते, कापडाचे धागे दिसत नाहीत. दुसरी नायलॉनच्या कापडाची, आतून युरेथेनचा लेप: बाहेरून छत्रीच्या कापडासारखी लागते, वजनाला हलकी. डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. ही जात कळल्याशिवाय कुठलाही गोंद हातात घेऊ नका. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन तर नकोच. ते रबराला रबर जोडायला केलेलं असतं. पीव्हीसीवर आज धरल्यासारखं दिसतं आणि महिनाभरात सालासारखं निघून येतं.

वल्हेवाली

मामा, हे वाचून मला घाम फुटला. मी नेमकं तेच लावलंय. माझी कनू आहे, उघडी, दोन टोकांना दोन मोठ्या पिशव्या दोरीच्या जाळीखाली बांधलेल्या. एकीच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी गळती होती म्हणून चौकातल्या पंक्चरवाल्याकडून थिगळ मारून घेतलं. त्याने बिचाऱ्याने आधी सांगितलं होतं, "ताई, हे टिकायचं नाही." मीच हट्ट धरला.

कॉलेजात सीओईपीच्या बोट क्लबात वल्ही मारली, १९२८ पासूनचा क्लब आहे तो. तिथे शर्यतीच्या शेल बोटींना टोकांशी बंद कप्पे असतात आणि त्यांना गोल झाकणं. झाकण नीट लागलंय ना एवढं बघितलं की झालं. हे पिशव्यांचं प्रकरण कनू घेतल्यावर गळ्यात पडलं.

मुठेकाठचा खेकडा

सकाळचा अहवाल: क्लिप लावलेली डावी पिशवी मऊ पडली आहे! म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष? पण गंमत अशी की उजवीसुद्धा थोडी मऊ लागतेय. आता दोन्ही गेल्या की काय?

ताम्हिणीपार

म्हणूनच शेजारी ठेवायला सांगितली होती. काल दुपारी फुगवल्यात तेव्हा गॅलरीत २८ अंश तरी असतील. पहाटे १४ च्या आसपास. हवा थंड झाली की आक्रसते, एवढ्या फरकाला साधारण ५ टक्के. पंचवीस लिटरच्या पिशवीत सव्वा लिटरच्या आसपास हवा "नाहीशी" होते आणि गळती शून्य असते. उजवी जेवढी मऊ आहे ती थंडीची. डावी तिच्यापेक्षा जास्त मऊ असेल तर ती खरी गळती. आहे का जास्त?

हाच घोळ मी पुणे-कोलाड केला होता. घरी कोथरूडला पिशव्या टम्म फुगवल्या, ताम्हिणी उतरून कुंडलिकेवर गेलो, बघतो तर चारही मऊ. चारही व्हॉल्व्ह एकदम कसे जातील? अर्धा तास नदीकाठी साबणाचं पाणी लावत बसलो. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी सकाळी ठरावीक वेळच मिळतं, त्यातला अर्धा तास गेला. मग डोक्यात प्रकाश पडला. पुणे साडेपाचशे मीटरवर आणि कोलाड जवळजवळ समुद्रसपाटीला. खाली हवेचा दाब जास्त, पिशवी दाबली जाते, साधारण ६ टक्के. त्यात नदीचं पाणी गार. चूक माझीच होती, फुगवायची ती पाण्यावर पोहोचल्यावर.

उलटं जास्त धोक्याचं. कोलाडला गच्च फुगवलेली पिशवी तशीच बोटीत ठेवून, बोट टपावर बांधून उन्हात घाट चढलात तर ती फुगते आणि शिवणीवर ताण येतो. परत निघताना व्हॉल्व्ह उघडायचा, हे मी आता गाडीच्या हँडब्रेकसारखं करतो.

पेठेतला पुणेकर

म्हणजे घाट उतरला की पुणेकराची हवा जाते, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं.

मुठेकाठचा खेकडा

😄 डावी निश्चित जास्त मऊ आहे. हाताने दाबलं तर बोटं आत जातात, उजवीत जात नाहीत.

रबरमामा

मग साबणाचं पाणी घ्या. भांड्याचा साबण, थोडं पाणी, स्पंजने फेस काढून पिशवीवर लावा. पिशवी फुगलेली हवी. क्रम असा ठेवा: आधी नळी पिशवीला जिथे मिळते ती चकती, मग नळी पूर्ण लांबीभर वाकवत वाकवत, मग कडेच्या शिवणी, सपाट भाग शेवटी. वाकवत वाकवत म्हटलं ते महत्त्वाचं. प्लास्टिकच्या जुन्या नळीची भेग सरळ असताना मिटलेली असते, वाकवली की तोंड उघडते. दिसत नाही, पण बुडबुडा चुगली करतो.

पिंपात बुडवली तर आणखी चांगलं, पण २५ लिटरची फुगलेली पिशवी पाण्याखाली धरायला २५ किलोचा जोर लागतो. मग तोल जाऊन माणूसच पिंपात, हे पाहिलेलं आहे.

मुठेकाठचा खेकडा

सापडलं!! मामा, तुमच्या तोंडात साखर पडो. पिशवी ठणठणीत, चकती ठणठणीत. नळीला व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बारीक भेग आहे. मी क्लिप तिच्या पुढे, व्हॉल्व्हच्या बाजूला लावली होती, म्हणून चाचणीत पिशवी दोषी निघाली. भेग नेमकी तिथे आहे जिथे दर वेळी नळी दुमडून बोटीत कोंबत होतो.

आणि व्हॉल्व्हही काढून बघितला. फिरवून उघडताना करकर आवाज येतो. आत बहुतेक वाळू.

रबरमामा

वाळूच. तो व्हॉल्व्ह कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग उघड-बंद करत वाहत्या पाण्याखाली धरा. आत बारीक ओ-रिंग असेल तर तिला भेग किंवा सपाटपणा आलाय का बघा. बाहेर काढून नखावर ताणली की लगेच दिसतं. माप बोहरी आळीत किंवा हायड्रॉलिकवाल्याकडे घेऊन जा, जुनी सोबत न्या, "अंदाजे एवढी" असं बोटाने दाखवू नका.

व्हॅसलिन लावू नका. ओ-रिंग नैसर्गिक रबराची निघाली तर फुगून बसेल. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात चालेल. पण एक लक्षात ठेवा, सिलिकॉन जिथे लागलं तिथे नंतर कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून आधी सगळं चिकटवकाम आणि मग ग्रीस, आणि ग्रीसच्या हाताने पिशवीला शिवायचं नाही. सिलिकॉन सीलंटची नळकांडी घेऊन गळती बुजवणारे लोक इथेच फसतात: ते स्वतः टिकत नाही आणि पुढच्याची वाटही बंद करून जातं.

नळीचं: भेगेच्या अलीकडे, पिशवीच्या बाजूला, बोटभर सोडून कापून टाका. तिरकी नको, काटकोनात, नव्या ब्लेडने. टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, चहाइतकं गरम, उकळतं नको. मऊ झालं की व्हॉल्व्हच्या कंगोऱ्यावर सरकवा आणि वरून केबल टाय. स्टीलचा क्लॅम्प आवळला तर कडेने नळीत रुततो आणि तिथेच पुढची भेग पडते. टायचं टोकही कापल्यावर घासून घ्या, धारदार राहिलं तर शेजारची पिशवी फाडतं.

ताम्हिणीपार

मामा, थांबा. वीतभर कापली तर नळी आखूड होईल. पिशवी रिकामी असताना टोकापर्यंत कोंबायची आणि मग तिथेच फुगवायची असते. बाहेर फुगवून आत जात नाही. फुगवताना व्हॉल्व्ह सीटच्या मागे तोंडाला लागेल एवढा यायला हवा. खेकडेबुवा, कापायच्या आधी मोजा.

मुठेकाठचा खेकडा

मोजलं. कापली तर बोटीत मान घालून, पोटावर झोपून फुगवावं लागेल. माझं पोट त्याला तयार नाही.

रबरमामा

बरोबर बोललात ताम्हिणीपार, मी कारखान्यातला माणूस, बोटीत कधी बसलो नाही. मग नळीचा तुकडा जोडा. तेवढ्याच आतल्या मापाची नवीन पारदर्शक पीव्हीसी नळी, मध्ये दोन्हीकडे कंगोरे असलेला प्लास्टिकचा जोड. बोहरी आळीत वजनावर किंवा मीटरवर मिळते. आतलं माप किती आहे?

मुठेकाठचा खेकडा

पट्टी लावून १० मिमी.

कांदा-लसूण-मसाला

मी शेतकरी, जुन्नरकडचा. बोटीतलं काही कळत नाही, पण १० मिमी वाचून राहवलं नाही. ठिबकची १२ मिमीची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून टाकतात ती नळी असते ना, तिचं आतलं माप साधारण तेवढंच. तिचे जोड आणि कॉक कुठल्याही शेतीच्या दुकानात पसाभर मिळतील. कॉकला दोन्ही बाजूंनी कंगोरे, मध्ये पाव फेरा फिरणारी मूठ. किंमत चहा-वडापावाएवढी. पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपास बघा.

मुठेकाठचा खेकडा

काय सांगता! आणि मी आज सकाळी आरओ फिल्टरवाल्याकडून बॉल व्हॉल्व्ह आणून बसलोय. तो काही बसत नाही. त्यात नळी नुसती खुपसायची असते, पण माझी मऊ नळी त्यात चेपते आणि ओढली की बाहेर.

रबरमामा

तसंच होणार. तो खुपसायचा जोड कडक नळीला बाहेरून दातांनी धरतो. मऊ नळीला आतून आधार लागतो, म्हणजे कंगोरेच हवेत. जुन्नरकर दादांचं बरोबर आहे. कॉक पाण्यासाठी केलेला आहे, हवा पाण्यापेक्षा चुकार, म्हणून रात्रभर तपासून घ्या. पण पिशवीतला दाब तरी काय, तोंडाने फुंकलेला. निभेल.

आणि कुणी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पिशवी भरू नका, हात जोडतो. टायरला लागतो तो दाब पिशवीच्या शिवणी एका क्षणात उसवतो.

वल्हेवाली

खेकड्यांचं मार्गी लागलं, आता माझ्याकडे वळा की मामा. माझी पिशवी व्हायनिलची आहे, गमबुटाचा वास खात्रीचा. व्हॉल्व्ह बॉस्टन प्रकारचा, म्हणजे दुहेरी फिरकीचं झाकण आणि आत रबराची पापणी. गळती चकतीच्या कडेला, वेल्ड सुटलंय.

रबरमामा

आधी ते थिगळ काढा आणि सोल्युशनचा प्रत्येक कण चोळून काढा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुकू द्या. मऊ पीव्हीसीसाठी व्हायनिल सिमेंट म्हणून येतं, फुगवायच्या तलावांच्या दुरुस्तीच्या पाकिटात असतं तेच. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतं. नळाच्या पाइपचं सोल्व्हंट सिमेंट वापरू नका. नाव जवळचं आहे, पण ते कडक पाइपसाठी, सुकल्यावर काचेसारखं होतं आणि पिशवी वाकली की तडकतं. दोन पुड्या मळून लावायची इपॉक्सी आणि झटपट गोंद यांचीही तीच गत. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, वास डोक्यात जातो.

सुटलेल्या कडेखाली गोंद सरकवायला इंजेक्शनची सिरिंज वापरा. पिशवी रिकामी, चकतीखाली सपाट लाकूड, वर वजन, २४ तास हात लावायचा नाही.

नायलॉन-युरेथेनवाल्यांसाठी वेगळं: त्यांना युरेथेनचा गोंद, जो दाट मधासारखा असतो आणि रात्रभरात रबरासारखा लवचीक होतो. शिवण सुटली असेल तर तिथे इस्त्रीही चालते. लेप आतून असतो, दोन्ही लेप समोरासमोर ठेवून वर बटर पेपर, इस्त्री सिल्कवरून सुरू करून हळूहळू वाढवायची. आधी कोपऱ्यातल्या फालतू कडेवर करून बघा. माझ्या पुतणीच्या तंबूच्या पिशवीला मी एकदा खिडकी पाडलेली आहे.

चकती अर्ध्यापेक्षा जास्त सुटली असेल तर गोंदात वेळ घालवू नका. डायरीची, फाइलची प्लास्टिक कव्हरं बनवणारे लोक हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग करतात. पीव्हीसी आणि युरेथेन दोन्ही त्या यंत्रावर जुळतात. (साधं पॉलिथिन जुळत नाही, विचारायला जाऊ नका.) पेठांत अजून असे कारखाने आहेत. चहा घेऊन जा, शनिवारी संध्याकाळी नको, आणि "एकच नग आहे" हे वाक्य सर्वात शेवटी बोला.

ताम्हिणीपार

वल्हेवाली, त्याआधी ती आतली पापणी बघा. बॉस्टनमध्ये केसाएवढा कचरा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. वरचं झाकण गळती झाकतं म्हणून कळत नाही, झाकण जरा सैल झालं की हवा जाते. चकती आणि पापणी दोन्हींचा दोष असू शकतो.

लाइफ जॅकेटला असते तसली दाबून फुंकायची तोंडनळी ज्यांच्या पिशवीला आहे त्यांनी टोपणही बघा. कित्येकांत टोपण उलटं बसवलं की ते आतला व्हॉल्व्ह दाबून उघडा ठेवतं, हवा काढायची सोयच तशी केलेली असते. आमच्या गटातल्या एकाने अख्खा मोसम ह्यावर घालवला.

वल्हेवाली

पापणीत माझाच केस निघाला. लांब केसांचे तोटे. चकतीचं काम रविवारी घेते.

मुठेकाठचा खेकडा

अंतिम अहवाल देतो.

मार्केट यार्डाजवळच्या दुकानात १२ मिमीचा ठिबकचा कॉक मागितला. "किती एकर?" दुकानदाराने विचारलं. "एक पिशवी," मी. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

भेगेचा भाग कापला, मध्ये जोड घालून नवी नळी वीतभर जास्तच ठेवली, टोकाला कॉक. जुना फिरकीचा व्हॉल्व्ह धुतल्यावर करकर थांबली, तो स्पेअर म्हणून ठेवलाय. दोन रात्री दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या. पहिल्या रात्री डावी किंचित मऊ: नव्या जोडाच्या एका तोंडाशी साबणाचे बुडबुडे होते, टाय आवळायचा राहिला होता. दुसऱ्या रात्री डावी-उजवी सारख्या. थंडीने दोन्ही थोड्या मऊ, पण सारख्या.

एक दोष आहे. कॉकची मूठ बाहेर येते. बोटीतून उतरताना माझा पाय लागून ती अर्धी उघडली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून मुठीवर चढवलाय, आता फिरवायला दोन बोटांचा जोर लागतो.

काल वरसगावला मुद्दाम उलटलो, तीन वेळा. बोट पाण्याने भरली, पण दोन्ही ढुंगणं वर राहिली आणि मी एकट्याने ती काठाला लावली.

कांदा-लसूण-मसाला

कॉक उन्हात वर्षभरात पिवळा पडून ठिसूळ होतो हो, आमच्या रानात बघतोच. बोट सावलीत ठेवा. आणि घरात ठेवणार असाल तर उंदरांचं बघा, लॅटरल त्यांना फार आवडते.

मुठेकाठचा खेकडा

दादा, दोन कॉक जास्तीचे आणलेत. उंदराचं मात्र डोक्यात नव्हतं. पिशव्या आता गॅलरीतून काढून थोड्या फुगवून, कॉक उघडा ठेवून माळ्यावर टांगतो. काकूंना वाटेल पाहुणे गेले.